उत्तमरावांनीच शिक्का मारलेला कागद

अहो, आपली नोकरी गेली हे माणसाला कधी नोटीस बोर्डावर वाचायला मिळतं का? उत्तम सोनकांबळे यांना मिळालं! शांती नगरातल्या एका सोसायटीच्या ऑफिसात ते एकोणीस वर्षं क्लार्क. शुक्रवारी सकाळी कुलूप काढायला गेले, तर बोर्डावर कागद: 'उत्तम सोनकांबळे यांचा राजीनामा मंजूर.' चावी हातातच राहिली. राजीनामा? दिला कधी?

झालं होतं ते असं. सभासदांच्या मेल इंग्रजीत यायच्या आणि उत्तर लिहिताना उत्तमरावांना घाम फुटायचा. "इंग्रजी येणारा कुणी बघू या," अशी कमिटीत कुजबुज सुरू झाली, तसे ते हादरले. लेक क्षितिजा म्हणाली, "पप्पा, रोज एक क्रियापद घ्या आणि ऑफिसात लिहाल तसं वाक्य लिहा."

सोमवारी आलं 'गिव्ह अप', म्हणजे सोडून देणं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी लिहिलं, 'आय हॅव डिसायडेड टू गिव्ह अप धिस जॉब.' वर सेक्रेटरींचं नाव, खाली सही, सगळं शिस्तीत. एक चूक नाही! स्वारी खूश. त्या खुशीत, टेबलावरच्या प्रत्येक कागदावर मारतात तसा, त्याच्यावरही 'मिळाले'चा शिक्का मारला आणि सवयीनं सेक्रेटरींच्या ट्रेमध्ये टाकला. घ्या!

सेक्रेटरी जितेंद्रभाई दहाला आले. उत्तमरावांनी बोर्डाकडे बोट दाखवलं. "भाई, वो तो मैं प्रॅक्टिस कर रहा था!"

"अरे, सही तेरी, शिक्का तेरा! हमको लगा गाँव जा रहा है." जितेंद्रभाईही गार पडले. "चल, लिखके दे, वापस लेता हूँ करके. नये आदमी को मना कर देता हूँ."

नोकरी वाचली. पण उत्तमराव जागचे हलेनात. जितेंद्रभाईंच्या वडिलांच्या मयताचे सगळे कागद त्यांनीच धावपळ करून केले होते. चार दिवस हा माणूस समोर बसून चहा प्यायला, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही! त्यांना फार लागलं ते.

त्यांनी कोरा कागद ओढला आणि सरळ मराठीत लिहिलं, 'मी राजीनामा दिलेला नाही. एकोणीस वर्षांनी का सोडतोस, हे एकानंही का विचारलं नाही?' खाली सही केली, 'मिळाले'चा शिक्का मारला, आणि कागद ट्रेमध्ये न टाकता जितेंद्रभाईंच्या हातात दिला.