सरगुंड्याच्या काडीवरच्या पांढऱ्या नळ्या

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातलं सांगते. आम्ही नालवाडीला राहत होतो. धाकटे दीर वर्ध्याच्या कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत, तेही हंगामी. सासऱ्यांचं सिंदीला कापडाचं दुकान. त्यांनी दिरांना बजावलं होतं, "या उन्हाळ्यात पक्की नोकरी नाई लागली तर गादीवर बसाले येजो." आणि दिरांना तर लुगड्याचा पदर कोणता नि काठ कोणता तेही कळत नसे हो.

नागपूरच्या एका कारखान्यानं त्यांच्याकडे गोळ्यांचा नमुना मागितला होता. चांगला निघाला तर नोकरी. तुरटीच्या पाण्यात अमोनिया ओतला की दह्यासारखा पांढरा लगदा बसतो. तो धुऊन धुऊन त्याच्या गोळ्या करायच्या नि भट्टीत भाजायच्या. तापल्या गोळ्यांवरून स्पिरिटची वाफ सोडली की तिचा वेगळाच वायू होतो, गोळी मात्र होती तशीच.

"काम करून घेते, सोता झिजत नाई," दीर म्हणाले.

"म्हणजे आपल्या आत्याबाई," मी म्हटलं. आतून सासूबाईच खोकल्या.

वाफ आत शिरायला गोळीला अंगभर बारीक भोकं हवीत. पण दिरांच्या गोळ्या हातातच फुटत. गुरुवारी नमुना न्यायचा, आणि मंगळवारी सकाळी दीर डबाभर चुरा घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसले.

"तुमाले मळता येत नाई भाऊजी. लगदा आणा इकडे."

घरात उन्हाळ्याचे सरगुंडे, म्हणजे काडीवर गुंडाळून वाळवायच्या कणकेच्या नळ्या, चाललेच होते. कणकेसारखाच तो लगदा मळला, ओल्या फडक्याखाली ठेवला, मग त्याची तार ओढून काडीवर गुंडाळली. काडी सरकवून काढली की पोकळ नळी. गोळीऐवजी नळीही चालते, दीर म्हणाले. पण सुगरणीच्या सरगुंड्यावर सुरकुती दिसू नये, हे माझ्या हाताला लागलेलं वळण. एकेक नळी पाटावर घासून गुळगुळीत केली. संध्याकाळी भट्टीतून आल्या त्या काचेसारख्या, दाबल्या तरी फुटेनात. मी खूश. दिरांनी एक पाण्यात टाकली.

"बुडबुडा नाई, वहिनी. दाबून दाबून भोकं बुजली."

रागावले असते तर बरं वाटलं असतं.

रात्रभर मला तेच. उजाडताच दीर म्हणाले, "आत असं काही पाहिजे का जे भट्टीत जळून जाईन अन् जागा रिकामी ठेवीन."

"ज्वारीचं पीठ?" मी विचारलं.

"खायच्या पिठाले जाळता काऊन?" सासूबाई म्हणाल्या, आणि डबा त्यांनीच पुढे सरकवला.

या खेपेला लगद्यात पीठ मिसळलं, हात हलका ठेवला, सुरकुत्या राहू दिल्या. भाजलेली नळी पाण्यात टाकली तर बुडबुड्यांची माळच निघाली. डब्यात घालून हलवल्या, चारच फुटल्या. दिरांनी एक जिभेला लावली. भोकांनी ओल शोषली नि ती चिकटून बसली.

"धलली," तशीच जीभ बाहेर ठेवून ते म्हणाले. सासूबाईंना हसू आवरेना.

पंधरवड्यानं नोकरीचं पत्र आलं. सासरे सिंदीहून आले, त्यांनी ते दोनदा वाचलं. माझ्याशी ते थेट बोलत नसत. सासूबाईंना म्हणाले, "तिले विचारा, आता गादीवर कोणाले बसवू?"

मी दाराआडून म्हटलं, "मामंजी, आधी जेवून घ्या."

ते उठले, हात धुतले, आणि दिरांचा पाट त्यांनी स्वतः आपल्या शेजारी मांडला.