कपाटावरच्या रेघा

सकाळचे सव्वानऊ वाजले होते आणि मास्तरीण एका पॅन्टला थोपटून झोपवत होती.

थोपटायचं होतं खरं तर बाळाला. ते शेजारी पाळण्यात हातपाय झाडत किरकिरत होतं आणि तिचा हात मात्र मांडीवरच्या घडी घातलेल्या पॅन्टवर अगदी तालात पडत होता. लक्षात आलं तेव्हा तिचं तिलाच हसू आलं, आणि त्या हसण्यात आपण पॅन्ट घेऊन कशाला बसलो होतो तेच ती विसरली. उंची कमी करायची होती की कंबर सैल? देव जाणे. परवा एका फ्रॉकला तिनं दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या. मोठीचा हरवलेला बूट पावाच्या डब्यात सापडला. नवऱ्यानं तो बाहेर काढला, डबा झटकला आणि पाव खाऊन कामावर गेला.

गल्लीत तिला सगळे मास्तरीण म्हणायचे, कारण ती कपडे शिवायची. पुढच्या खोलीत मशीन, कटिंगचं टेबल आणि एक जुनं काळपट लाकडी कपाट. मागच्या खोलीत बाकीचा संसार. बारा वर्षं हे असंच चाललं होतं. शिवण ती मावशीकडे शिकली. मावशी कडक होती. "कापडावर खडू फिरला ना, की मग डोकं चालवायचं नाही," असं ती बजावायची. "डोकं आधी चालवायचं, रेघ ओढायच्या आधी. नंतर फक्त कात्री." मास्तरणीनं हे इतकं मनावर घेतलं होतं, की कितीही दमलेली असली तरी रेघ दिसली की तिचा हात निःशंक चालायचा. गिऱ्हाइकं उगीच तिचं नाव काढत नव्हती.

पण तीन आठवड्यांपूर्वी दवाखान्यातून एक गाठोडं घरी आलं आणि तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. पहिलं मूल एकटीनं वाढवलं होतं, तेव्हा वाटलं होतं, दुसरं काय, आपोआप वाढेल. इथे तर एकाला घेतलं की दुसरं रडतंय, आणि दोन्ही गप्प असली की हीच उठून बघायला धावतेय. एक ना धड, भाराभर चिंध्या. शिवणाऱ्या बाईच्या घरात चिंध्यांना काय तोटा!

मोठी पावणेतीन वर्षांची. ते गाठोडं येईपर्यंत ती घरात सगळ्यात लहान होती. उंबरठ्यातून बाळ आत आलं आणि ही उभ्या जागी मोठी झाली. बूट तेच, दुधाचा पेला तोच, पण जो तो म्हणायला लागला, "तू आता मोठी ना? मग?" त्या 'मग'चं काय करायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाप तिला मुकादम म्हणायचा. घरात कुठलंही काम निघालं की ही कमरेवर हात ठेवून देखरेखीला हजर. बाळाची आंघोळसुद्धा तिच्या नजरेखालून व्हायची. "त्याचा कान राहिला," असं ती सांगायची, आणि कान खरोखरच राहिलेला असायचा.

खरा घोर होता बाळाच्या वजनाचा. ते वाढत नव्हतं. दर बुधवारी नर्सबाई घरी येऊन बाळाचं वजन करायच्या. गेल्या बुधवारी काट्याकडे बघून त्यांनी ओठ दाबले. जन्माला आलं तेव्हा तीन किलो शंभर, आणि आता दोन नऊशे. "चोवीस तासांत निदान आठ वेळा पाजायचं. अंदाजपंचे नाही, मोजून. पुढच्या वेळी काटा हलला नाही, तर दोघांना दवाखान्यात ठेवून घ्यावं लागेल. चार दिवस, कदाचित आठ."

दवाखान्यात लहान मुलांना आत सोडत नसत. बाळंतपणाच्या वेळी दोन रात्री मोठी बापाजवळ राहिली होती, आणि तिसऱ्या दिवशी आई घरी आली तेव्हा तिच्याकडे पाठ करून बसली होती. ती चिमुकली पाठ मास्तरणीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

तर, मोजायचं. पण स्वतःचं जेवण झालं की नाही हे ज्या बाईला आठवत नव्हतं, तिनं मोजायचं कशानं? तिनं हातातलं हत्यार वापरलं. पाजायच्या बुटक्या खुर्चीशेजारीच कपाट होतं. दर पाजण्यानंतर ती बसल्या बसल्या कपाटावर खडूनं एक रेघ ओढायची आणि म्हणायची, "झालं बाळाचं. आता आपलं." मग बाळ पाळण्यात आणि मोठी मांडीवर. दोन मिनिटं असोत की पाच, तेवढा वेळ मोठीचा. रोज सकाळी चहा झाला की ओल्या फडक्यानं रेघा पुसायच्या, पुन्हा एकपासून. कधी नऊ भरायच्या, कधी दहा. काल तर अकरा. अकरा रेघा बघून तिला वाटलं होतं, चला, गाडी रुळावर आली. मोठीसुद्धा हल्ली शहाण्यासारखी कपाटाजवळ एकटीच बसून खेळते.

आताही बाळाच्या किरकिरीचं रडणं झालं, तशी तिची नजर आधी कपाटाकडे गेली. तीन रेघा. म्हणजे पाजून झालंय. "पोटात वारा धरला असेल गं बाई," असं म्हणून ती पाळणा हलवायला लागली.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"पॅन्ट संध्याकाळी मिळेल!" ती बसल्या जागेवरून ओरडली.

"पॅन्ट नकोय मला," बाहेरून आवाज आला. "बाळ हवंय."

"आज बुधवार आहे?"

"सकाळपासून आहे."

मोठीनं दार किलकिलं केलं आणि फटीत उभी राहिली. "आई कामात आहे. तू काय आणलंस?"

"वजनकाटा," नर्सबाई म्हणाल्या. "सरक, मुकादम."

टेबलावरचं कापड बाजूला सारून काटा मांडला, बाळाला उघडं करून त्यात ठेवलं. ते लालबुंद होऊन किंचाळत होतं.

"दोन नऊशे साठ."

"वाढलं!"

"आठवड्यात साठ ग्रॅम. दीडशे तरी हवे होते." नर्सबाईंनी बाळाच्या तोंडात बोट घालून बघितलं, टाळूवर हात फिरवला, पोट चाचपलं. "बाळात काही खोट दिसत नाही. किती वेळा पाजता?"

"काल अकरा वेळा. परवा दहा. आज सकाळपासून तीनदा झालं." तिनं कपाटाकडे हात केला.

"रेघा कधी पुसता?"

"साडेसहाला. चहा झाला की."

"साडेसहाला पुसल्या, आता साडेनऊ, आणि तीनदा पाजून झालं? मग हे असं उपाशी माणसासारखं माझं बोट का ओढतंय?"

मास्तरणीनं आठवायचा प्रयत्न केला. नवरा गेल्यावर एकदा पाजलं, ते नक्की. मग... मग पॅन्ट घेतली. की पॅन्टच्या आधी आणखी एकदा? की ते कालचं? डोक्यात सगळ्या सकाळी एकमेकींना शिवल्यासारख्या झाल्या होत्या. "रेघा आहेत ना पण," ती म्हणाली, आणि आपल्या आवाजाचा तिला भरवसा वाटेना.

नर्सबाई खिडकीपाशी गेल्या. बाहेर दोरीवर लंगोट वाळत होते. "कालपासूनचे सगळे हेच? पाचच? अकरा वेळा पाजलेल्या बाळाचे पाच लंगोट होत नाहीत, बाई." त्या परत आल्या, पिशवीतून दवाखान्याचा कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. "तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण कुठेतरी गफलत आहे, आणि ती शोधत बसायला या बाळाला वेळ नाही. तिथे निदान नजरेसमोर पाजणं होईल. नाव सांगा बाळाचं."

नाव! क्षणभर तिला बाळाचं नावही आठवेना. ओठांवर मोठीचंच येत होतं. आणि मोठी कुठाय? इतका वेळ एवढी शांत?

मोठी कपाटाजवळ होती. बुटक्या खुर्चीच्या उंचीवर ओढलेल्या रेघा नेमक्या तिच्या हनुवटीपाशी येत होत्या. कटिंगच्या टेबलाखाली पडलेला खडूचा तुकडा तिच्या मुठीत होता. तिनं जीभ बाहेर काढून, नीट, वरून खाली, चौथी रेघ ओढली. मग आईकडे वळून, अगदी आईच्याच सुरात म्हणाली, "झालं बाळाचं. आता आपलं."



"रोज ओढतेस?" मास्तरणीनं विचारलं.

मोठीनं मान डोलावली. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. काम झालं की रेघ, रेघ झाली की मांडी. ती फक्त कामाला जरा घाई करत होती, एवढंच. मुकादमच ती.

मास्तरीण खुर्चीत बसली. बाळ रडत असताना तिनं बाळाकडे बघितलं नव्हतं, कपाटाकडे बघितलं होतं. रेघ दिसली की विचार बंद. आता वाईट कुणासाठी वाटून घ्यायचं, हे तिला कळेना. उपाशी राहिलेल्यासाठी, की त्याची पाळी संपायची वाट बघत कपाटाशी उभ्या राहणारीसाठी? तिनं बाळाला जवळ घेतलं, आणि ते असं तुटून पडलं की नर्सबाईंनी पेनाचं टोपण लावून टाकलं.

त्या समोर बसून राहिल्या, बाळ कसं धरलंय, कसं ओढतंय ते बघत. दोनदा तिचं कोपर थोडं वर केलं. पाऊण तासानं बाळ मूठ सैल सोडून निवांत झालं.

"कागद आज पिशवीतच राहू दे," त्या म्हणाल्या. "शनिवारी परत येते. तोवर खडू माळ्यावर. बाळ तोंडानं शोधायला लागलं, मूठ चोखायला लागलं की पाजायचं, मग मागचं कधी का झालेलं असेना. वाटलं तर लंगोट मोजा, त्यांना रेघा ओढता येत नाहीत. पण शनिवारी काटा हलला नाही, तर मी काही ऐकून घेणार नाही."

"हो," मास्तरीण म्हणाली.

नर्सबाई काटा आवरायला उठल्या. मोठी कपाटाला पाठ लावून उभी होती. मोठी माणसं अशा आवाजात बोलायला लागली म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं, एवढं तिला कळत होतं. काय चुकलं ते कळत नव्हतं. तिनं बोट ओलं करून चौथी रेघ पुसायला घेतली. रेघ पुसली जाईना, नुसती पसरत गेली. ती पुढे येत नव्हती. मांडीवर बाळ होतं.

"निघू मग?" नर्सबाईंनी पिशवी खांद्याला लावली. "अजून चार घरं आहेत."

"सिस्टर," मास्तरीण म्हणाली, "बाळाला दहा मिनिटं धराल का? मला हिला मांडीवर घ्यायचंय."