उरलेल्या नटबोल्टांचा डबा

जुनी मोटारसायकल खोलून परत जोडली, की दोन-चार नटबोल्ट हमखास उरतात. ते कुठले हे कुणालाच आठवत नाही, आणि गाडी तर त्यांच्याशिवायही चालते! आम्ही ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकतो. किस्सेही तसेच उरत जातात. नांदेडला माझ्या घराच्या पोर्चमध्ये दर रविवारी कुठली ना कुठली गाडी खोललेली असते, आणि आता त्या डब्याचं झाकण लागत नाही.

मंडळी मोजकीच. मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून रंग माझ्याकडे. रफिकभाईंचं लेथचं वर्कशॉप आहे, म्हणून अक्कल त्यांच्याकडे. तिसरा बसवराज. लातूरला त्याचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे, वय पन्नाशीचं, आणि त्याच्याकडे फक्त हट्ट! माझी बायको सुनंदा 'मी तुमच्यात नाही' असं म्हणते. ते खोटं आहे.

*

सुरुवातीला मला गाडी 'कस्टम' करायचा फार सोस होता. माझ्या गाडीचं मागचं मडगार्ड कापून टाकलं, सीट आखूड केली, टाकीवर ज्वाळा रंगवल्या. गाडी काय दिसायची!

विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले, तेव्हा सुनंदाला पाणी दाखवायला त्याच गाडीवर घेऊन गेलो. रस्ता ओला होता. परत आलो तर फाटकात उभ्या असलेल्या शेजारणी सुनंदाच्या पाठीकडे बघायला लागल्या. सुनंदाच्या नव्या साडीवर कमरेपासून अंबाड्यापर्यंत चिखलाचा सरळ पट्टा उठला होता.

"ह्यांनी गाडी रंगवली," ती शेजारणींना म्हणाली, "अन् गाडीनं मला!"

पुढच्या रविवारी रफिकभाई नवीन मडगार्ड घेऊनच आले. "सर, गाडी बनवनारे पागल नव्हते," एवढंच म्हणाले. तेव्हापासून आमचा नियम झाला. गाडीतून काहीही काढायचं असेल, तर ते तिथं का आहे हे आधी सांगता आलं पाहिजे. हा नियम सगळ्यात आधी कुणी मोडला, ते पुढे येईलच.

*

बसवराजची गोष्ट वेगळी. त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, एका मोटारसायकलवर खेडोपाडी फिरून भांडी विकली आणि त्यातून दुकान उभं केलं. आता आप्पा ऐंशीला आलेत. वर्षभरापासून त्यांची आठवण विरत चालली होती. पोटच्या पोराला ते 'मालक' म्हणायला लागले. "मालक, जेवलाव का?" असं रोज विचारायचे, अगदी आदरानं!

"गाडी चालू झाली की वळखतेत बघा मला," बसवराज म्हणाला. "एकडाव बश्या म्हनले की बास."

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. हे त्याचं त्यानंच ठरवलं होतं, आणि त्यानं ठरवलं की विषय संपतो.

पण गाडी बंद पडून दुकानामागच्या अंगणात उभी होती. रोज अंघोळ करून, विभूती लावून आप्पा तिच्यावरचं कव्हर पुसायचे. ती अख्खी हलवली असती तर ते कासावीस झाले असते. म्हणून बसवराजनं एसटीनं दर रविवारी तिचा एकेक भाग नांदेडला आणायला सुरुवात केली.

एकदा तो हँडल मांडीवर घेऊन बसला होता. चाकूरला एक म्हातारबा चढले आणि शेजारी बसले. बराच वेळ त्या हँडलकडे बघून त्यांनी विचारलं, "पाव्हनं, बाकीची गाडी कुटं हाय?"

"थोडी मागच्या रईवारी गेली," बसवराज म्हणाला. "चाकं फुडच्या रईवारी जातेत."

म्हातारबांनी मान डोलावली. "सावकाश जाऊ द्या. घाईत अपघात व्हतेत."

इंजिन आणि सांगाडा तेवढा टेम्पोनं आला. तिकडे अंगणात कव्हरखाली बसवराजनं एक बाकडं आणि दोन जुने टायर ठेवले, आणि टाकीच्या जागी दुकानातलं मोठं पातेलं पालथं घातलं. आप्पा चार महिने तेच पुसत होते!

*

इंजिनात नवीन बेअरिंग बसवताना बाहेरचं कवच तापवावं लागतं, म्हणजे ते जरा फुगतं आणि बेअरिंग अलगद आत जातं. ते किती तापवायचं यावर रफिकभाई आणि माझा अर्धा तास वाद झाला. बेअरिंग गारठून आकसावं म्हणून फ्रीजमध्ये मटारांच्या पिशवीशेजारी वाट बघत होतं, आणि कवच सुनंदाच्या तव्यावर.

शेवटी सुनंदा आली. धिरड्याचा तवा बघतात तसा तिनं कवचावर पाण्याचा शिंतोडा मारला. चर्र झालं. "तापलं. घाला."

बेअरिंग टक् करून बसलं. रफिकभाईंनी ते बोटानं फिरवून बघितलं. मग म्हणाले, "भाभी, उद्यापासून वर्कशॉपला येत जा."

"आधी माझा तवा घासा!"

रफिकभाईंनी खरंच तवा घासून दिला. त्याच रविवारी हात धुऊन त्यांनी चेनकव्हर उतरवलं आणि त्यातला एक बोल्ट बोटांत धरून नाक मुरडलं. "हे गाडीचं नाहीच. कुन्या अनाड्यानं बसवलं हे?" त्यांनी बोल्ट डब्यात टाकला आणि तिथं कारखान्यातल्यासारखा नवा बसवला. बसवराज तेव्हा खाली मान घालून स्पोक मोजत होता.

*

गाडी तयार झाली. काळी टाकी, दोन सोनेरी रेघा, पहिल्या किकला चालू! ती लातूरला नेली, दुकानासमोर उभी केली. आप्पांना बाहेर आणलं. बसवराजनं कपाळाचा घाम पुसून किक मारली. गाडी अशी गुळगुळीत चालली, की माझेच डोळे भरून आले.

आप्पांनी कौतुकानं टाकीवरून हात फिरवला.

"मालक, गाडी लई झकास हाय तुमची," ते म्हणाले. "आमची बी अशीच व्हती."

आणि आत जाऊन आपलं पातेलं पुसायला लागले.

बसवराज पायरीवर खाली बसला. मला त्याच्याकडे बघवेना. वाटलं, संपलं. पण पाच मिनिटांनी तो उठला आणि म्हणाला, "आवाज बरुबर न्हाई."

"माझ्या कामात आवाज?" रफिकभाई भडकले.

"आवाज न्हाई, तीच तर अडचन हाय भाई!"

मग त्यानं सगळं सांगितलं. कॉलेजात असताना त्यानं आप्पांना न विचारता गाडी नेली आणि चाकूरच्या पुलाजवळ पाडली. चेनकव्हरचा बोल्ट हरवला. घाबरून त्यानं दुकानातल्या कुकरच्या हँडलचा बोल्ट तिथं ठोकून बसवला. तेव्हापासून गाडी खणखण वाजत यायची, आणि आप्पा तिच्यावर भांडी विकायला जात होते तोवर ती तशीच वाजत राहिली. आप्पांनी कधी विचारलं नाही, ह्यानंही कधी सांगितलं नाही.

*

गाडी परत पोर्चमध्ये आली. सगळा डबा फरशीवर पालथा करून कुकरचा बोल्ट शोधला. नियम मोडला होता रफिकभाईंनीच, त्यामुळे तो बसवायलाही तेच बसले. बसवराज डोळे मिटून ऐकत होता. "अजून ढिला. न्हाई, ह्यो पातेल्याचा आवाज झाला. थोडा कसा."

सकाळपासून दुपारपर्यंत हेच चाललं. "जिंदगीभर कसून राहिलो," रफिकभाई म्हणाले, "आज ढिलं करून राहिलो!" पण सोडलं नाही. एकदाची ती खणखण झाली आणि बसवराजनं डोळे उघडले.

पुढच्या रविवारी तो ती गाडी चालवत लातूरला निघाला. मागे दुसऱ्या गाडीवर मी आणि रफिकभाई. वाटेत लोक हात करून सांगत होते, "ओ, काहीतरी वाजायलंय!" बसवराज प्रत्येकाला नमस्कार करत होता.

दुकानाच्या गल्लीत वळलो. आप्पा अंगणात कव्हर पुसत होते. खणखण जवळ आली तसा त्यांचा हात थांबला. फडकं खांद्यावर टाकून ते बाहेर आले. बसवराजनं गाडी बंद केली आणि तिथंच उभा राहिला, चष्मा लावलेला, केस पांढरे झालेला.

आप्पांनी आधी चेनकव्हर बघितलं. मग त्याचे गुडघे बघितले.

"बश्या," ते म्हणाले, "कुटं पाडलीस रं गाडी?"

बसवराजनं मान खाली घातली.

"चाकूरच्या पुलाजवळ, आप्पा."