उशिरा कळलेली सांधेदुखी

मोखाड्यात दवाखाना टाकून मला दहा-अकरा वर्षं झाली होती, तेव्हा नोंदणीच्या कार्यालयातून पत्र आलं. डॉक्टर म्हणून नोंदणी पुढे चालू ठेवायची तर आता अभ्यासाचे गुण जमवावे लागणार होते. व्याख्यानांना हजर राहायचं, शेवटी परीक्षा द्यायची, मग गुण. व्याख्यानं व्हायची ठाण्याला नाहीतर नाशिकला. एका व्याख्यानापायी दवाखाना पूर्ण दिवस बंद ठेवायचा, आणि त्या बंद दाराशी कोण कुठल्या पाड्यावरून चालत आलेलं असेल हे मला चांगलं ठाऊक होतं. मी ते पत्र औषधांच्या कपाटावर ठेवून दिलं.

काही महिन्यांनी औषध कंपनीचा एक माणूस म्हणाला, "मॅडम, आता हे सगळं ऑनलाइन होतं. घरबसल्या."

घरबसल्या होणार नव्हतंच. माझ्या घरचा फोन पावसात दोन-दोन आठवडे मुका असायचा. पण जव्हारला, एसटी स्टँडजवळ, एका निवृत्त सरांनी आपल्या टायपिंगच्या क्लासात दोन संगणक आणून ठेवले होते. दर रविवारी दुपारची जेवणं झाली की मी जीप पकडून जव्हारला जाऊ लागले. मला माउस धरता येत नव्हता. सर शेजारी खुर्ची ओढून बसत आणि म्हणत, "डॉक्टर, घाबरू नका, ते चावत नाही."

व्याख्यानाचं चित्र मध्येच गोठायचं. बोलणाऱ्याचं तोंड अर्धवट उघडं राहायचं. सर उठून वायर हलवून बघत, मग आम्ही दोघं चहा मागवून वाट बघत बसायचो. पहिली दोन व्याख्यानं मधुमेहावर आणि रक्तातल्या चरबीवर होती. माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या तर आत पांढरं दिसायचं, अंगात रक्तच नसायचं. त्यांच्या चरबीचं मी काय करणार होते? तरी मी वहीत उतरवून घेतलं. अकरा वर्षांत मला कोणी काही शिकवलं नव्हतं, आणि शिकायला मला आवडत होतं हे मी विसरूनच गेले होते.

तिसरं व्याख्यान मुलांच्या सांधेदुखीचं होतं. बोलणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या असतील. घसा सुजतो, त्यानंतर काही आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा दुखतो, परवा घोटा, मग मनगट. दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात फिरतं आणि काही दिवसांत आपोआप थांबतं. डॉक्टरला वाटतं, मूल बरं झालं. सांधे खरंच बरे होतात, बाई म्हणाल्या, पण हृदयाच्या झडपा खराब व्हायला तिथूनच सुरुवात होते. अशा मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यायचं, वर्षानुवर्षं द्यायचं.

हे मी कॉलेजात वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. आणि तरीही तीन वर्षांपूर्वी मोखाड्याच्या खालच्या अंगाच्या एका पाड्यावरून बापाच्या पाठीवर बसून आलेल्या मुलीला मी वेदनाशामक गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं. दहा-अकरा वर्षांची होती. पहिल्या दिवशी गुडघा, चार दिवसांनी दुसरा पाय. मी शेतातल्या कामाचं, चढ-उताराचं निमित्त धरलं. आठवड्याभरात ती आपल्या पायांनी चालत मला दाखवायला आली. बापाने काकड्या आणल्या होत्या. मला फार बरं वाटलं होतं.

व्याख्यान संपल्यावर प्रश्न आले. एका प्रश्नात अशीच मुलगी होती. छातीला नळी लावल्यावर जास्तीचा आवाज ऐकू येतो, पुढे काय कराल? मी हृदयाच्या सोनोग्राफीवर खूण केली. उत्तर बरोबर आलं. ती सोनोग्राफी आम्हाला नाशिकला होती, मोखाड्याहून घाट चढून. आठव्या प्रश्नाला लाइन गेली आणि सगळी परीक्षा पहिल्यापासून द्यावी लागली. दुसऱ्यांदाही मी त्या मुलीचं उत्तर बरोबर दिलं.

"उत्तम गुण आहेत, डॉक्टर," सर म्हणाले. "मग तोंड का असं?"

"एका पेशंटची आठवण झाली," एवढंच मी सांगितलं.

सोमवारी मी त्या पाड्याकडे जाणाऱ्या जीपवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ते जगायला गेले, बाई." आमच्याकडे दिवाळीनंतर गावंच्या गावं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर कामाला जातात. त्याला जगायला जाणं म्हणतात. कुठल्या भट्टीवर ते त्याला माहीत नव्हतं. भिवंडीकडे असतील, वसईकडे असतील. शिमग्याला परततील.

मी जीपवाल्यापाशी निरोप ठेवला आणि शिमग्यापर्यंत थांबले. दुसरं काय करणार होते?

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी बाप तिला घेऊन आला. ती आता उंच झाली होती, पाठीवर बसायचं वय गेलं होतं. दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढून ती दारात थांबली आणि श्वास घेत राहिली. मी छातीला नळी लावली. तो आवाज मला लगेच ऐकू आला. खालच्या पट्टीतला, गुरगुरल्यासारखा. मी नळी काढली, पुन्हा लावली.

"काय झालं?" बापाने विचारलं.

"तिच्या काळजाचं दार नीट उघडत नाही," मी म्हणाले. "तेव्हा पाय दुखत होते ना, त्यातूनच झालंय. मला तेव्हा कळायला हवं होतं. माझी चूक झाली."

 मग त्यानेच माझी समजूत घातली. "तुमची कशी चूक? तुम्हीच तं बरी केली व्हती, बाई. चालत आली ना ती."

त्याने ओरडायला हवं होतं असं मला वाटलं. त्याला पटवून देण्याचा मी आणखी एकदा प्रयत्न केला, पण तो मान हलवत राहिला आणि मुलगी भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत राहिली.

नाशिकच्या तपासणीत झडप अरुंद झालेली निघाली. पुढेमागे ती नसेतून फुगा घालून मोठी करून घ्यावी लागेल, तोवर इंजेक्शनं चुकवू नका, असा कागद घेऊन ते आले. पावसाळाभर ती दर तीन आठवड्यांनी यायची. ते औषध दाट असतं, सुईत अडकतं, आणि फार दुखतं. ती ओठ दाबून उभी राहायची आणि नंतर लंगडत बाकावर बसायची. एकदा जव्हारच्या दुकानात औषध नव्हतं, मोखाड्यातही नव्हतं. ठाण्याहून मागवून यायला दहा दिवस लागले. ते दहा दिवस मी रोज दुकानात विचारायला जायचे.

दिवाळी झाली आणि त्यांची निघायची वेळ आली. मी म्हटलं, "तिला इथेच राहू दे. आजीपाशी."

"म्हातारी आमच्याबरूबरच येती," बाप म्हणाला. "हिला एकलीला कोनापाशी ठेवू? खाईल काय?"

मी औषधाच्या बाटल्या दिल्या, सोबत इंग्रजीत आणि मराठीत चिठ्ठी लिहिली की ज्या डॉक्टरांकडे ही मुलगी येईल त्यांनी कृपया हे इंजेक्शन द्यावं. खाली सही, शिक्का, घरचा फोन नंबर. त्या रविवारी जव्हारला जाऊन मी व्याख्यानाच्या पानाखालच्या चौकटीत व्याख्यात्या बाईंना प्रश्नही लिहिला. माझा रुग्ण चार-पाच महिने वीटभट्टीवर असतो, पत्ता नसतो, मी काय करावं? सरांनी माझं इंग्रजी तपासून दिलं. पुढच्या रविवारी उत्तर आलं होतं. सहभागाबद्दल आभार, उपचारात खंड पडू नये म्हणून रुग्णाचं व पालकांचं समुपदेशन महत्त्वाचं आहे. मी ते दोनदा वाचलं. त्यात चुकीचं काहीच नव्हतं.

फोन एकदाही वाजला नाही. शिमग्याला ते परतले तेव्हा बाटल्या तशाच होत्या, चिठ्ठीच्या घड्या विरल्या होत्या. भट्टीजवळच्या दोन डॉक्टरांना त्यांनी दाखवली होती. दोघांनीही नको म्हटलं. हे इंजेक्शन कधी कधी अंगावर उलटतं, माणूस जाग्यावर जातो. अनोळखी मुलीला कोण टोचणार? मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्या जागी मी असते तर दिलं असतं का, याचं उत्तर मला देता येईना.

झडप उघडण्यासाठी त्यांना मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात पाठवलं. पहिल्या खेपेला तपासण्या झाल्या. दुसऱ्या खेपेला पुढची तारीख मिळाली. ती तारीख भातलावणीत आली. मी पाड्यावर गेले, म्हणाले, "लावणी राहू दे."

तिची आई चिखलात उभी होती. ती म्हणाली, "राहू दिली तं मंग वरीसभर काय खायाचं, बाई?" मुलगी बांधावर बसून रोपांच्या जुड्या बांधत होती. मी तिला घेऊन जाते म्हटलं, तर ती आईकडे बघून म्हणाली, "लावणी झाली की जाऊ." मी चिखलाने भरलेल्या पायांनी परत आले.

लावणी झाली आणि पाऊस वाढला. खालचा रस्ता वाहून गेला, जीप बंद झाल्या. दोन इंजेक्शनं चुकली. मी रस्ता सुरू होण्याची वाट बघत होते.

रस्ता सुरू झाल्यावर बाप आला, पण बरोबर होती ती धाकटी. आठ-नऊ वर्षांची, मोठीचाच फ्रॉक घातलेली. मी दाराकडे बघितलं. मागून कोणी येत नव्हतं.

"गेली," तो म्हणाला. "दम लागला. रातभर बसूनच व्हती. डोलीत घालून निंघालो, तं नदीला पानी."

मी त्याला बसायला सांगितलं, पण तो बसला नाही. त्याने धाकटीला पुढे केलं. "हिला बघा."

मी घसा बघितला. गुडघे, घोटे, मनगटं दाबून बघितली. छातीला नळी लावून खूप वेळ ऐकलं, पुढून, मागून, डाव्या कुशीवर झोपवून. हृदय स्वच्छ वाजत होतं.

"हिला काही नाही," मी म्हणाले. "चांगली आहे."

"मागल्या टायमाला ती पन चांगलीच व्हती," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता.  मी फक्त म्हणाले की हिला दर महिन्याला आणा, घसा दुखला तर त्याच दिवशी आणा, मी बघत राहीन. तो बरं म्हणाला. त्या महिन्यात आणि पुढच्या महिन्यात त्याने तिला आणलं. मग दिवाळी झाली, आणि ते जगायला गेले.