बॅटरीचं पाणी

आईला चालवत नव्हतं, म्हणून मी आमच्या कारखान्याच्या लिलावातून माल वाहायची जुनी बॅटरीगाडी घेतली. तिच्यावर बाक बसवला, ब्रेक बदलले आणि बॅटरीत नळाचं पाणी ओतू लागलो.

बाबांची सारी नोकरी दुर्गला रेल्वेच्या डब्यांखालच्या बॅटऱ्यांत पाणी भरण्यात गेली होती. ते म्हणाले, "नळाचं नोको टाकू बाप्पा, बॅटरी मरते. डिस्टिल्ड आण."

"इंजिनिअर मी आहे का तुम्ही?" मी म्हणालो. त्यांच्याच पगारावर मी शिकलो होतो.

महिनाभरात गाडी कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर सहाच्या बाजारात, आई बसलेली आणि बाबा सोबत असताना, बंद पडली. तिथे भाजी घेत असलेल्या माझ्या नागपूरकडच्या साहेबांनी विचारलं, "काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "माह्याच हातून झालं, साहेब. म्या अडाण्यानं नळाचं पाणी टाकलं."

साहेब हसले. "अहो, म्हाताऱ्यांना कशाला हात लावू देता?"

"चुकलंच, सर," मी म्हणालो.

बाबा मागून गाडी ढकलू लागले. मी पुढे हँडलपाशीच राहिलो. मागे गेलो असतो, तर त्यांच्याकडे बघावं लागलं असतं.