पायांवरची आंघोळ
वाण्याकडे वेखंडाचा वास आला की मला हिंगण्याच्या कारखान्यातला तो फिटर आठवतो. बायको बाळंतपणानंतरच्या तापाने दवाखान्यात होती, सासूबाई तिच्याजवळ, आणि वीस दिवसांची मुलगी घरी माझ्याकडे. कामावर गेलो की शेजारच्या काकू तिला सांभाळत. कंपनीच्या बसमध्ये मी त्या फिटरला सांगून टाकलं, की भीतीने चार दिवस तिला आंघोळच घातली नाही. त्याचा मुलगाही तीनच महिन्यांचा होता, त्यामुळे तो हसला नाही. "काहून भिऊन राहिला गा? मलेही असंच वाटे. उद्या सुट्टी आहे, येतो." सकाळी तो वेखंडाची पुडी घेऊन आला, सोबत आमच्याच खात्यातला आणखी एक नवा बाप. मला न्हाणीत पाटावर बसवून, पाय लांब करायला लावून, फिटरने मुलगी माझ्या नडग्यांवर पालथी ठेवली. दुसरा कोमट पाणी ओतू लागला. ती रडून लाल झाली. "मले नाही जमत, तू घे," मी म्हणालो. फिटरने हात मागे घेतले. "मी घेतली तर उद्या कोण घालन? तूच घाल." दारातून काकू म्हणाल्या, "हे बाप्यामाणसाचं काम होय का गा?" मी मान वर केली नाही, पाठीवरून हात फिरवत राहिलो, आणि हळूहळू तिचं रडणं थांबलं. बायको बारा दिवसांनी बरी होऊन घरी आली, तोवर एकही आंघोळ चुकली नाही. आता नातवाच्या वेळी जावई मागे सरकला, तेव्हा मी पाट मांडला आणि त्यालाच बसवलं.