फुग्याला जागा

छापून आलेल्या पानावर तो अंगठा टेकवायचा, पान माझ्याकडे सरकवायचा आणि म्हणायचा, "आता सांगा अक्का, काय समजलं नाही?"

अंगठ्याखाली फुगा असायचा. चित्रकथेत पात्रांचं बोलणं ज्या पांढऱ्या गोलात लिहितात, त्याला आम्ही फुगा म्हणायचो. फुग्यातले शब्द माझे आणि बाकीचं पान त्याचं. शब्द झाकले तरी सगळं समजायचं. माझी तक्रार तीच होती.

जळगावातून निघणाऱ्या एका मुलांच्या मासिकाचं मी सगळं बघते. वर्गणीदार, छपाई, टपाल, राहिलेल्या कामांची यादी. त्यातच 'दोन सूर्यांचं गाव' ही विज्ञानकथेची चित्रमालिका मी लिहायला घेतली. नाव ऐकून आमचे छपाईवाले म्हणाले, "ताई, इथं एकच सूर्य आहे तर मे महिना निघत नाही!" चित्रांसाठी कुणीतरी त्याचं नाव सुचवलं. मूळचा शिंदखेड्याकडचा, धुळ्यात देवपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवणारा, रंगात आला की अहिराणीत बोलणारा. तोंडावर मी त्याला सर म्हणायचे, तुम्ही म्हणायचे. मनात मात्र तो तोच. ज्याचा हेवा वाटतो त्याला मनातल्या मनात कुणी अहो-जाहो करत नाही. तुमच्याही कामात असा एखादा असेल, तुम्ही घाम गाळून पायरी बांधायची आणि लोकांनी विचारायचं, वर उभा आहे तो कोण?

माझी पद्धत चोख होती. प्रत्येक चौकटीत कोण, कुठं, काय बोलतं, हे क्रमानं टाइप करून पाठवायचे. पहिल्याच भागात यंत्रमानव होता. मी लिहिलं होतं: उंच, चकचकीत, निळ्या डोळ्यांचा, नाव विक्रांत. त्यानं काय पाठवावं? पत्र्याचा चौकोनी कूलर. आपल्या गच्च्यांवर, खिडक्यांत असतो तोच. एका बाजूनं चेपलेला, अंगाला गवताच्या ओल्या जाळ्या आणि खालून टपटपणारं पाणी.

मी फोन केला. "सर, हा यंत्रमानव आहे?"

"दोन सूर्य शेतस ना अक्का तठे? मंग कूलर नको?"

"आणि चकचकीत लिहिलं होतं ते?"

"चकचकीत वस्तूवर कोनी जीव लावस का?"

मुलांनी जीव लावला. धरणगावजवळच्या एका शाळेत मला बक्षीस समारंभाला बोलावलं होतं. अर्धा वर्ग पुठ्ठ्याची खोकी अंगावर चढवून आला होता. विक्रांत कुणीच म्हणत नव्हतं, सगळे कूलरदादा म्हणत होते. एका चिमुरडीनं मला विचारलं, "कूलरदादा तुम्ही काढला?" मी म्हटलं, "मी लिहिला." ती विचारात पडली, मग दयाळूपणे म्हणाली, "असू द्या."

हळूहळू फुग्यांची जागा आटत गेली. मी चार ओळी लिहायचे, तो दोन ओळी मावतील एवढा फुगा सोडायचा. मी दोन लिहिल्या की एक. भांडले की तोंडभर हसून म्हणायचा, "चित्रमा बठ्ठं शे, अक्का." आणि चित्रात खरंच सगळं असायचंही. केळीच्या फाटक्या पानांसारखी त्या ग्रहावरची झाडं, उपरणं गुंडाळून वर काचेचा टोप चढवलेली माणसं. ते बघताना मला आधी आनंद व्हायचा आणि लगेच चरफड. हे मला सुचायला हवं होतं. केळी तर माझ्या माहेरच्या शेतात.

मग तो भाग आला. वस्तीवरचं पाणी संपतं. उरलेलं पाणी फक्त कूलरदादाच्या टाकीत, आणि ते काढलं की तो बंद पडणार. मालिकेची नायिका रेवा त्याचा निरोप घेते. त्या निरोपाचं भाषण मी लिहिलं आणि पहिल्यांदाच मला वाटलं, आता लोक विचारतील, हे कुणी लिहिलं? मी त्याला बजावलं, "शेवटचं अर्धं पान मला हवं. मोकळं."

पान आलं. रेवा उकिडवी बसून तांब्यानं टाकीतलं पाणी काढते आहे. पुढच्या चौकटीत जाळ्या अर्ध्या वाळलेल्या. शेवटच्या मोठ्या चौकटीत त्या कोरड्या ठणठणीत, आणि रेवाचा पालथा हात पत्र्यावर टेकलेला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. फुगा कुठंच नाही.

मी तडक धुळ्याची एसटी धरली. त्यानं दार उघडलं, पाणी दिलं. मी पान आणि भाषण त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं ते सावकाश, दोनदा वाचलं.

"चांगलं शे," तो म्हणाला. "पन रडताना इतलं बोलस का कोनी?"

"माझी रेवा बोलते."

"तुमची?"

मग तो उठला, पान माझ्या हातात दिलं. "छापनारं तुम्ही. टाका त्यावर फुगा. मी काही म्हननार नही."

ऑफिसात येऊन मी भाषण छापून घेतलं, कापलं, चित्रावर ठेवून पाहिलं. डावीकडे ठेवलं तर जाळ्या झाकायच्या, उजवीकडे रेवाचा हात. बराच वेळ कागद सरकवत बसले. शेवटी पान तसंच छापायला दिलं. ते बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच मला त्याचा राग आला.

त्या भागावर सर्वात जास्त पत्रं आली. एका निवृत्त शिक्षकांनी खास माझं कौतुक केलं होतं: 'लेखिकेने योग्य ठिकाणी गप्प बसून कमाल केली आहे.'

पुढच्या वर्षी त्याला पुण्याच्या एका प्रकाशनात चित्रकाराची नोकरी लागली. मालिका थांबली. दुसरे चित्रकार आले, सांगेन तेवढा फुगा सोडणारे. एकाही पानावरून माझं कुणाशी भांडण झालं नाही.

गेल्या महिन्यात जळगावच्या बसस्थानकावर, पुस्तकांच्या स्टॉलवर त्याचं नवं पुस्तक दिसलं. अंतराळातलीच गोष्ट, लिहिणारा दुसरा कुणी. उभ्यानं चाळलं. मधल्या एका पानावर खाली कोपऱ्यात चंद्रावर एकटी म्हातारी, आणि वरचं सगळं आभाळ त्यानं फुग्याला देऊन टाकलं होतं. त्यात सात-आठ ओळी. मी वाचल्या. पुन्हा वाचल्या.

तिथूनच फोन लावला. "पुस्तक बघितलं तुमचं."

"अक्का!" त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "कसं वाटलं?"

"चित्रं छान आहेत."

"आणि लिहिलेलं?"

"माझी गाडी लागली, सर. ठेवते," मी म्हटलं.

फलाट रिकामा होता. मी पुन्हा ते पान काढलं.